भागीदार नको झालाय? शेडचं कुलूप बदलण्याआधी हे वाचा



भागीदारी सुरू कशी करायची यावर आपण आधी बोललोय. आजचा धडा उलटा आहे: त्रास देणारा भागीदार कमी कसा करायचा. व्हिडिओत मुद्दे पटापट सांगावे लागले. इथे सावकाश, आकड्यांसकट आणि मसुद्यांसकट देतोय. वही-पेन घेऊन बसा.

एक उदाहरण शेवटपर्यंत डोळ्यासमोर ठेवू. उदाहरण काल्पनिक आहे, पण आपल्या भागात कुणालाही ओळखीचं वाटेल असं.

समजा, लोणंदला चार मित्रांनी मिळून कांद्याचा व्यापार सुरू केला. मार्केट यार्डाजवळ एक शेड पाच वर्षांच्या भाडेकरारावर घेतली. अनामत चौघांनी सारखी भरली, भांडवलही सारखं घातलं. गरवा कांदा उन्हाळ्यात घ्यायचा, साठवायचा, पावसाळ्यात भाव बघून काढायचा. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी चौथा मित्र बिघडला. गल्ल्यातून पैसे उचलतो, वहीत लिहीत नाही. पाहुण्यांना उधारीवर माल देतो. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी येते तेव्हा रस्ते बंद व्हायच्या आत गाड्या भरून काढायच्या असतात, नेमका त्या दोन दिवसांत याचा फोन बंद. शेडची एक किल्ली मात्र याच्याच खिशात.

बाकीचे तिघे चहाच्या टपरीवर बसतात आणि ठरवतात, "आपण तिघं एका बाजूला, तो एकटा. उद्या कुलूप बदलू आणि त्याला सांगू, तू मोकळा."

थांबा. आजचा अख्खा धडा या एका वाक्यासाठी आहे. भागीदाराला काढायचा अधिकार बहुमतातून येत नाही. तो आधी लिहून ठेवलेल्या करारातून येतो. आणि त्याचा हिशेब चुकता केल्याशिवाय ते काढणं पूर्ण होत नाही.

हा प्रश्न फक्त कांद्याच्या शेडचा नाही. चौघांनी मिळून घेतलेला गाळा, सामाईक ठेक्याने घेतलेलं मासेमारीचं तळं, भाड्याची पोल्ट्री शेड, सगळीकडे हेच. अमेरिकेत लोक वर्गणी काढून हंगामापुरती शिकारीची जमीन भाड्याने घेतात. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण त्यांचीही डोकेदुखी तीच: एक जण नियम पाळत नाही, पैसे मात्र त्यानेही भरलेत. जागा बदलते, माणसाचा स्वभाव बदलत नाही.

पायरी १: तुमचं नातं नेमकं कोणतं?

काढायची पद्धत नात्यावर ठरते. म्हणून आधी खालच्यापैकी तुम्ही कुठे बसता ते बघा.

अ) फक्त जागा सामाईक. शेड एक, भाडं वाटून, पण प्रत्येकाचा माल वेगळा, नफा वेगळा. ही भागीदारी नाही. इथे भाडेकरारावर कुणाचं नाव आहे ते महत्त्वाचं. चौघांची नावं असतील तर तिघांनी एकाचं नाव परस्पर खोडता येत नाही; शेडमालक आणि चौघे मिळून नवा करार करावा लागतो. एकाच्याच नावावर करार असेल आणि बाकीचे त्याला पैसे देत असतील, तर ते पोटभाडं ठरू शकतं. त्याला मालकाची लेखी संमती आहे का, ते आधी तपासा.

ब) भागीदारी संस्था. नफा-तोटा वाटून घेता, धंदा एक आहे, तर तुम्ही भागीदार. लेखी करार नसला तरीही! तुम्हाला भागीदारी कायदा १९३२ लागू होतो. आपलं उदाहरण याच गटातलं.

क) एलएलपी. कायदा २००८ चा, वेगळा आहे. पण काढण्याबाबत नियम तोच: करारात स्पष्ट अधिकार दिलेला नसेल तर बहुमताने भागीदार काढता येत नाही.

ड) सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ३५ बघा. त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत, हजर असलेल्या मतदानाचा हक्क असणाऱ्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी ठराव करावा लागतो. त्या सभासदाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आणि निबंधकाची मंजुरी मिळेपर्यंत ठराव लागू होत नाही.

एक गोष्ट लक्षात आली का? चारही ठिकाणी कायदा हेच म्हणतोय की मनात आलं म्हणून काढता येत नाही.

पायरी २: तिघं विरुद्ध एक, तरी का चालत नाही?

बीबीएला असताना भागीदारी कायद्याची कलमं आपण पाठ करतो, पेपर लिहितो आणि विसरतो. त्यातली दोन कलमं शेडच्या दारावर चिकटवून ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं, कलम १२. रोजच्या साध्या बाबींमध्ये मतभेद झाला तर बहुमताने निर्णय घेता येतो. कांदा आज काढायचा की पुढच्या आठवड्यात, हमाल कोणते लावायचे, बारदान कुठून आणायचं, इथे तिघांचं चालेल. पण त्याच कलमात असंही आहे की प्रत्येक भागीदाराला धंद्यात भाग घ्यायचा हक्क आहे, आणि वह्या बघायचा, त्यांच्या नकला घ्यायचाही हक्क आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर हे हक्क चौथ्यालाही आहेत.

दुसरं, कलम ३३. कितीही बहुमत असलं तरी भागीदाराला काढता येत नाही. अपवाद एकच: भागीदारांमधल्या कराराने तसा अधिकार दिलेला असेल आणि तो प्रामाणिक हेतूने वापरला असेल.

यात दोन अटी आहेत. करारात कलम हवं, आणि हेतू साफ हवा. एक असून भागत नाही.

साफ हेतू म्हणजे काय? तीन गोष्टी बघतात. काढणं धंद्याच्या भल्यासाठी आहे का? त्याला नोटीस दिली का? बाजू मांडायची संधी दिली का? आता आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये शेड कांद्याने भरलेली आहे. तिघांना वाटतंय की पुढच्या महिन्यात भाव चढणार. मग घाईघाईत चौथ्याला काढायचं, आजच्या पडलेल्या भावाने त्याचा हिस्सा द्यायचा आणि चढलेला भाव तिघांनी खायचा. करारात कलम असलं तरी हे टिकणार नाही. इंग्लंडमध्ये १८५३ साली ब्लिसेट विरुद्ध डॅनियल या खटल्यात असंच झालं. करारात काढायचा अधिकार होता, पण बाकीच्यांनी तो स्वतःच्या फायद्यासाठी वापरला म्हणून कोर्टाने ते काढणं रद्द ठरवलं. ही तिथली जुनी केस, पण तत्त्व आपल्या कलम ३३ मध्येही तेच आहे.

चुकीच्या पद्धतीने काढलं तर काय होतं? कायद्याच्या नजरेत तो भागीदारच राहतो. म्हणजे नफ्यातला वाटा चालू, वह्या बघायचा हक्क चालू. तुम्हाला वाटतं तो गेला, पण कागदावर तो तिथेच बसलेला असतो.

आणि कुलपाचं काय? ज्याचा जागेवर ताबा आहे त्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलं, तर विशिष्ट दिलासा अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. नाशवंत माल शेडमध्ये आणि प्रकरण कोर्टात, हे कुणालाच परवडत नाही. तारखा पडत राहतात, कांदा सडत राहतो.

पायरी ३: हा राग आहे की कारण?

नोटीस लिहायच्या आधी एका कागदावर दोन रकाने करा.

डाव्या रकान्यात खटकणाऱ्या गोष्टी लिहा: उशिरा येतो, तोंडाळ आहे, बायकोच्या भावाला घेऊन बसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत नाही. या बोलून, कामं वाटून सुटतात. यासाठी माणूस काढायचा नसतो.

उजव्या रकान्यात धंद्याला मारणाऱ्या गोष्टी लिहा: न लिहिता पैसे उचलणे, संस्थेच्या नावाने परस्पर उधारी किंवा कर्ज, संस्थेचा माल स्वतःच्या नावाने विकणे, ठरलेलं भांडवल किंवा भाड्याचा वाटा वारंवार थकवणे, भाडेकराराच्या अटी मोडून शेड धोक्यात आणणे.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी हव्यात: तारीख, रक्कम, पुरावा. "तो नेहमी पैसे उचलतो" याला किंमत नाही. "१२ जुलै, गल्ल्यातून १५,००० रुपये, वहीत नोंद नाही, त्या दिवशीची विक्री पट्टी सोबत" याला किंमत आहे. उजवा रकाना रिकामा राहिला तर नोटीस लिहू नका, चौघं बसून जेवायला जा.

पायरी ४: काढायची रीत

करारात काढायचं कलम आहे असं धरून चालू. क्रम असा ठेवा.

१. आधी तोंडी, पण साक्षीने. चौघांनी बसा. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना मान्य असलेला एक मोठा माणूस बसवा. आपल्याकडे निम्मी भांडणं इथेच मिटतात. काय ठरलं ते वहीत लिहून चौघांच्या सह्या घ्या.

२. सुधारायला मुदत. लेखी द्या. साधारण ३० दिवस ठीक. करारात मुदत दिली असेल तर तीच पाळा.

३. कारणे दाखवा नोटीस. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, पण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

४. बाजू ऐकणे. तो आला, बोलला, तर त्याचं म्हणणं लिहून घ्या. नाही आला तर तेही लिहा.

५. निर्णय. लेखी, कारणांसकट, कोणत्या तारखेपासून ते स्पष्ट. करारात जितकं बहुमत लिहिलंय तितक्या सह्या.

नोटिशीचा साधा नमुना:

*"आपल्यातील भागीदारी कराराच्या कलम ___ नुसार आपणास कळविण्यात येते की, खाली तारीख व रकमेसह नमूद केलेल्या बाबी आपल्याकडून घडल्या आहेत. याबाबत दिनांक ___ रोजी लेखी कळवून ३० दिवसांची मुदत दिली होती. आपणास भागीदारीतून का कमी करू नये, याबाबतचे म्हणणे आपण दिनांक ___ पर्यंत लेखी द्यावे. दिनांक ___ रोजी ___ वाजता शेडच्या कार्यालयात आपले म्हणणे समक्ष ऐकले जाईल. आपणास हिशेबाच्या वह्या पाहावयाच्या असल्यास कामकाजाच्या वेळेत त्या उपलब्ध आहेत."*

शेवटचं वाक्य गाळू नका. वह्या दाखवायची तयारी हा तुमच्या साफ हेतूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. आणि भाषा थंड ठेवा. नोटिशीत "चोर", "लबाड" असे शब्द आले की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि बदनामीचं नवं भांडण सुरू होतं.

पायरी ५: हिशेब, जिथे खरी ठिणगी पडते

माणूस जायला तयार असतो, अडतं ते आकड्यावर. म्हणून एक तारीख धरा आणि त्या तारखेचा ताळेबंद काढा. आपल्या उदाहरणात ३१ ऑगस्ट धरू. चौघांचं भांडवल सारखं, वाटा सारखा.

येणं आणि मालमत्ता:
- शेडमधला कांदा, निवडून, वजन करून, त्या दिवसाच्या बाजारभावाने: ६,४०,०००
- वजनकाटा, क्रेट, बारदान: १,२०,०००
- शेडमालकाकडची अनामत: २,००,०००
- बँक आणि रोख: १,४०,०००
- उधारीचं येणं २,६०,०००, त्यातलं बुडीत वाटणारं ६०,००० वजा: २,००,०००
- एकूण: १३,००,०००

देणं:
- मालाचं देणं: २,२०,०००
- हमाली आणि गाडीभाडं: ४०,०००
- एकूण: २,६०,०००

निव्वळ राहिले १०,४०,०००.

आता चौथ्याने न लिहिता उचललेले ४५,००० आहेत. इथे बहुतेक जण असं करतात: १०,४०,००० भागिले चार म्हणजे २,६०,०००, त्यातून ४५,००० वजा, २,१५,००० दिले की झालं. हे चूक आहे. ते ४५,००० संस्थेचे होते, म्हणजे त्यातला चौथा हिस्सा त्याचाही होता. बरोबर रीत अशी: आधी ४५,००० संस्थेचं येणं म्हणून मिळवा. १०,८५,००० झाले. भागिले चार, २,७१,२५०. मग त्याच्या नावावरचे ४५,००० वजा करा. त्याला द्यायचे २,२६,२५०.

फरक ११,२५० रुपयांचा. रक्कम लहान वाटेल, पण त्याचा सीए ही चूक पाच मिनिटांत दाखवेल आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

अनामत विसरू नका. ती शेडमालकाकडे आहे म्हणून ताळेबंदाबाहेर नाही. चौथ्याचे त्यातले ५०,००० या हिशेबात आलेच आहेत. आणि साठवलेल्या कांद्यात घट येतेच, म्हणून माल खरेदीच्या वहीवरून धरू नका, त्या दिवशी काट्यावर घ्या. वजन करताना चौथ्याला किंवा त्याच्या माणसाला समोर उभं करा.

पैसे एकदम देता येत नसतील तर हप्ते ठरवा, पण लेखी. हिशेब न चुकवता त्याचे पैसे धंद्यात वापरत राहिलात आणि करारात वेगळं काही नसेल, तर कलम ३७ प्रमाणे त्याला निवड मिळते: त्याच्या पैशांमुळे झालेल्या नफ्याचा वाटा घ्यायचा, किंवा वर्षाला ६ टक्के व्याज. आपल्या उदाहरणात व्याज वर्षाला १३,५७५ होतं. नफा त्याहून जास्त झाला तर तो नफाच मागणार, हे उघड आहे.

पायरी ६: बाहेरच्यांना सांगा, नाहीतर तो गेलाच नाही

चौघांना माहिती आहे की तो गेला. बाजाराला माहिती नाही. त्याने जुन्या ओळखीवर संस्थेच्या नावाने माल उचलला तर पैसे कोण देणार? जाहीर नोटीस निघेपर्यंत तुम्ही देणार. उलट तुम्ही काढलेल्या नव्या देण्याला तोही अडकू शकतो. म्हणजे जाहीर करणं दोघांच्याही फायद्याचं आहे.

ही यादी एकेक करून खूण करत जा:

- नोंदणीकृत संस्था असेल तर भागीदारी संस्था निबंधकांकडे बदलाची नोंद.
- शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका मराठी वृत्तपत्रात जाहीर नोटीस. कलम ७२ मध्ये हे आहे. संस्था नोंदलेली नसेल तरी राजपत्र आणि वृत्तपत्र लागतंच.
- बँक: सहीचे अधिकार बदला. चेकबुक, नेट बँकिंग, क्यूआर कोडला जोडलेला मोबाइल नंबर, सगळं.
- जीएसटी नोंदणी असेल तर भागीदार बदलल्याचा अर्ज १५ दिवसांच्या आत.
- बाजार समितीचा परवाना संस्थेच्या नावावर असेल तर समितीला लेखी कळवा.
- शेडमालक. भाडेकरारात चौथ्याचं नाव असेल तर मालकाच्या सहीने दुरुस्ती करा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी करावाच लागतो, त्यामुळे दुरुस्तीही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. अनामतीवरचा त्याचा हक्क सुटला, हे त्याच कागदात लिहा.
- किल्ली, वह्या, शिक्का, पावती पुस्तक: परत घेतल्याची पोच.

कुलूप बदलायची वेळ आता आली. सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट त्याला आणि स्वतःलाही सांगा. तो गेला तरी त्याच्या काळातल्या जुन्या देण्याची त्याची जबाबदारी आपोआप संपत नाही. ज्यांचं देणं आहे त्यांनी मान्य केलं तरच ती सुटते. म्हणून तिघांनी त्याला लिहून द्यायचं की ताळेबंदात दाखवलेली देणी आम्ही भागवू. आणि त्याने उद्या शेजारी स्वतःची शेड टाकली तर कायदा त्याला अडवत नाही. मात्र तुमच्या संस्थेचं नाव त्याला वापरता येणार नाही, आणि वेगळं ठरलं नसेल तर तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना त्याने ओढायचं नाही.

करारात कलमच नसेल तर?

खरं सांगायचं तर बहुतेकांचं हेच असतं. दोनशे-पाचशेचा स्टँप, नेटवरून उतरवलेला मसुदा, आणि त्यात बाहेर काढायच्या रीतीबद्दल एक ओळ नाही. तरी रस्ते आहेत.

पहिला: समजुतीने निवृत्ती. कलम ३२ प्रमाणे सगळ्यांच्या संमतीने भागीदार निवृत्त होऊ शकतो. म्हणजे त्याला काढायचं नाही, त्याला जायला परवडेल असा आकडा समोर ठेवायचा. २,२६,२५० निघत असतील आणि २,४०,००० वर तो सही करत असेल, तर वरचे १३,७५० खर्च समजा. कोर्टापेक्षा स्वस्त पडतात.

दुसरा: संस्था विसर्जन. भागीदारीला मुदत ठरलेली नसेल आणि ती कशी संपणार हेही करारात नसेल, तर ती मर्जीची भागीदारी. कलम ४३ प्रमाणे कुणीही एक भागीदार बाकी सगळ्यांना लेखी नोटीस देऊन ती संपवू शकतो. मग कलम ४८ च्या क्रमाने हिशेब: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली उसनवार, मग भांडवल, उरलं ते वाट्याप्रमाणे. त्यानंतर तिघं नवी संस्था काढू शकतात. पण शेडचा भाडेकरार जुन्या संस्थेच्या नावावर असेल, तर नोटीस द्यायच्या आधी शेडमालकाशी बोला. नाहीतर संस्था संपेल आणि शेडही हातची जाईल.

संस्थेत दोनच भागीदार असतील तर काढणं हा विषयच उरत नाही. एक गेला की संस्था संपते. तिथे विसर्जन किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं, एवढंच.

तिसरा: कोर्ट. कलम ४४ खाली, भागीदार वारंवार करार मोडतो किंवा त्याच्या वागण्याने धंद्याला धोका आहे, अशा कारणांवरून विसर्जन मागता येतं. करारात लवादाचं कलम असेल तर आधी तिकडे जावं लागेल.

इथे नोंदणीचा मुद्दा येतो. भागीदारी संस्थेची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, म्हणून लोक टाळतात. पण कलम ६९ बघा. नोंदणी नसलेली संस्था करारातून आलेल्या हक्कासाठी उधारी थकवणाऱ्यावर दावा करू शकत नाही, आणि भागीदारही संस्थेवर किंवा दुसऱ्या भागीदारावर तसा दावा करू शकत नाही. महाराष्ट्रात तर १९८४ च्या दुरुस्तीने विसर्जन आणि हिशेब मागण्याची वाटही नोंदणी नसलेल्यांसाठी बंद झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, म्हणून विसर्जनाची वाट आज उघडी आहे. बाकीची बंदी तशीच आहे. नोंदणी धंदा सुरू झाल्यावरही करता येते. या आठवड्यात करून टाका.

करारात हे कलम घाला

भांडण नसताना, चौघं हसत-खेळत असताना लिहायचं. नमुना:

*"१. खालीलपैकी कोणतीही बाब घडल्यास भागीदारास कमी करता येईल: (अ) संस्थेची रक्कम नोंद न करता वापरणे, (आ) लेखी संमतीशिवाय संस्थेच्या नावे कर्ज काढणे किंवा ___ रुपयांहून अधिक उधारी देणे, (इ) भांडवलाचा किंवा भाड्याचा वाटा सलग ___ महिने थकविणे, (ई) जागेच्या भाडेकराराच्या अटींचा वारंवार भंग करणे.*

*२. संबंधित भागीदारास लेखी नोटीस, सुधारणेसाठी ३० दिवस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर, उर्वरित सर्व भागीदारांच्या लेखी निर्णयानेच त्यास कमी करता येईल.*

*३. निर्णयाच्या तारखेस सर्वांना मान्य सनदी लेखापालाकडून ताळेबंद करून, प्रत्यक्ष वजन व त्या दिवशीच्या बाजारभावाने मालाचे मूल्य ठरवून हिस्सा काढला जाईल. रक्कम ___ महिन्यांत ___ हप्त्यांनी, ___ टक्के व्याजासह दिली जाईल.*

*४. जागेची अनामत हिशेबात धरली जाईल. भाडेकरारातील नाव कमी करण्यासाठी भागीदार आवश्यक त्या सह्या देईल.*

*५. वाद झाल्यास लवादाकडे नेला जाईल."*

रिकाम्या जागा तुमच्या धंद्याप्रमाणे भरा आणि अंतिम मसुदा वकिलाकडून आणि सीएकडून एकदा तपासून घ्या. मुद्रांक किती लागेल तेही तिथेच विचारा.

"असं लिहिलं तर मित्राला वाईट वाटेल," असं बरेच जण म्हणतात. अहो, हे कलम चौघांनाही सारखंच लागू आहे. उद्या तुमचीच चूक झाली तर तुम्हालाही नोटीस मिळेल, ३० दिवस मिळतील, वह्या बघायला मिळतील आणि तुमचे पैसे वजनकाट्यावर मोजून मिळतील. हे कलम वाचून ज्याला सही करायला जड जातं, त्याच्याबरोबर शेड घ्यायच्या आधी आणखी एकदा विचार करा.

गृहपाठ

१. तुमचा भागीदारी करार काढा. बाहेर पडण्याबद्दल, काढण्याबद्दल आणि हिशेबाबद्दल काय लिहिलंय ते अधोरेखित करा.
२. भाडेकरार काढा. नावं कुणाची, अनामत कुणाच्या नावे, मुदत किती, नोंदणी झाली का, ते लिहा.
३. आजच्या तारखेचा ताळेबंद वर दिलाय त्या पद्धतीने एका पानावर मांडा. भांडण नसतानाच मांडा.
४. चौघांनी एक तास बसून पाच मुद्द्यांचं कलम वाचा आणि रिकाम्या जागा भरा.

पुढच्या धड्यात उधारी वसुलीचं पत्र कसं लिहायचं ते घेऊ. तोपर्यंत वह्या नीट ठेवा.